स्वाइप मशीनचा दर कमी करून घेता येतो का?

प्रश्न: येवल्यात आमचं पैठणीचं दुकान आहे, उलाढाल 20 लाखांच्या वर. काल पगारपत्रक जुळवताना सहज स्टेटमेंट उघडलं, तर 12,000 च्या पैठणीवर 240 रुपये कापलेले. कार्ड डेबिट होतं! कंपनीचा माणूस म्हणतो, "सगळ्यांना सरसकट 2 टक्केच." शिवाय मशीनचं भाडं. विणकराला पैसे देऊन उरतं किती, आमचं आम्हाला माहीत. काय करू?

उत्तर: दादा, सरसकट दर कबूलच करू नका. 2018 पासून रिझर्व्ह बँकेनं डेबिट कार्डाला मर्यादा घातली आहे. तुमच्या उलाढालीला जास्तीत जास्त 0.90 टक्के, म्हणजे त्या बिलावर 108 रुपये. रुपे डेबिट आणि बँक खात्यातून येणारं यूपीआय 2020 पासून शून्य. क्रेडिट कार्डाला मात्र मर्यादा नाही, खरी घासाघीस तिथेच. मी तीन महिन्यांची स्टेटमेंटं आणि दुसऱ्या बँकेचं लेखी कोटेशन टेबलावर ठेवलं, तेव्हा कुठे दर उतरला आणि भाडंही माफ झालं. तोंडी आश्वासन घेऊ नका, मेलवर मागा.

उत्तर: भाऊंचं बरोबर आहे. जादा कापलेले पैसेही लेखी तक्रार करून परत मागा. 30 दिवसांत दाद नाही मिळाली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. उद्याच बँकेत जातो, स्टेटमेंटं काढून ठेवलीत.