बर्फ पडताना फोटो काढतोय पण सगळं राखाडी येतंय
प्रश्न: सकाळपासून बर्फ पडतोय, गल्ल्या छपरं सगळं पांढरंशुभ्र, पण फोटोत मळकट राखाडी दिसतं आणि पडणारा बर्फ तर दिसतच नाही, काय करू?

उत्तर: कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर सगळं मध्यम राखाडी धरून चालतं रे, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सेटिंग) +१ ते +१.५ ठेव आणि हिस्टोग्रामवर (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) लक्ष असू दे.

उत्तर: भुरभुर दिसायला मागे गडद काहीतरी हवं, जुनं लाकडी दार, झाडाचं खोड वगैरे. शटरचा वेग १/३० सेकंद ठेवलास तर पडत्या बर्फाच्या रेघा येतात, १/२५०पेक्षा वेगवान ठेवलास तर सुटे ठिपके. फ्लॅश मारलास तर जवळच्या कणांचे पांढरे गोळे होतात, काहींना आवडतात म्हणा, मला नाही.

उत्तर: स्पेअर बॅटरी आतल्या खिशात ठेव, थंडीत पटकन उतरते. आणि घरात शिरायच्या आधीच कॅमेरा पिशवीत घालून घट्ट बांध, नाहीतर लेन्सवर पाणी धरतं.