आर्क्टिक रेफ्युजमधे ड्रिलिंग : बोली लावायला कोणी येईना, तरी लिलाव चालूच?

रानभूल: अलास्काच्या ईशान्य टोकाला १.९ कोटी एकरांचं आर्क्टिक नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्युज आहे, त्यातल्या किनाऱ्यालगतच्या १५ लाख एकरांत तेलासाठी ड्रिलिंग करायचं की नाही यावरून १९८० पासून रस्सीखेच चाललीये. अमेरिकेच्या २०१७ च्या टॅक्स कायद्यात ड्रिलिंगला परवानगी घुसडली आणि सांगितलं काय, तर तिजोरीत १ अब्ज डॉलर येतील. जानेवारी २०२१ च्या ड्रिलिंग-हक्कांच्या लिलावात आले १.४४ कोटी! त्यातही बहुतेक बोल्या अलास्का राज्याच्याच एका महामंडळाच्या, बड्या कंपन्या फिरकल्याच नाहीत. जानेवारी २०२५ ला दुसरा लिलाव, एकही बोली नाही. तरी २०२५ च्या नव्या कायद्यात अजून चार लिलाव करायचं बंधन घातलंय. कशासाठी?

बॅरलमोड: बोली येणार कशी? एक सरकार लीज (ड्रिलिंगसाठी जमिनीचा भाडेकरार) देतं, पुढचं २०२३ मधे रद्द करतं, मग २०२५ मधे कोर्ट म्हणतं रद्द करणंच बेकायदा होतं. अशा ठिकाणी कोण पैसे अडकवेल? १९९८ च्या सरकारी सर्व्हेत तिथल्या फेडरल जमिनीखाली सरासरी ७.७ अब्ज बॅरल तेलाचा अंदाज होता. अलास्काच्या पाइपलाइनमधून १९८८ मधे रोज २० लाख बॅरल जायचं, आता त्याच्या पावसुद्धा जात नाही. आणि प्रुडो बेमधे (रेफ्युजच्या पश्चिमेचं जुनं तेलक्षेत्र) तेल निघायला लागल्यावरच तिथला कॅरिबूंचा (रानटी रेनडिअर) कळप ५ हजारांवरून २०१० पर्यंत ७० हजारांच्या आसपास गेला होता, ते कोणी सांगत नाही.

रानभूल: सांगतो ना, पण २०१० नंतर तो कळप झपाट्याने घटला हे तुम्ही गाळलंत (त्याचं खापर तेलावर फोडत नाहीये, कॅरिबूंचे आकडे असेही वरखाली होतात). मुद्दा जागेचा आहे. प्रुडो बेला किनाऱ्यामागे मैदान प्रशस्त आहे, पिल्लं असलेल्या माद्या रस्त्यापासून चार-पाच किलोमीटर लांब राहतात आणि तिथे त्यांना सरकायला जागा मिळाली. रेफ्युजमधे डोंगर समुद्राच्या जवळ येतात, तिथे विणाऱ्या पॉर्क्युपाइन नावाच्या कॅरिबू-कळपाला सरकायला जागाच नाही. माद्या वितात तेव्हा, जूनच्या सुरुवातीला, तिथे कोवळं गवत असतं, लांडगे-अस्वलं कमी, नंतर डासांचा कहर झाला की समुद्रावरचा वारा असतो. ज्या वर्षी बर्फ उशिरा वितळून माद्या कॅनडातच वितात त्या वर्षी पिल्लं जास्त मरतात, हे आधीच नोंदवलेलं आहे.

हिमवाट: तुमच्या दोघांच्या भांडणात तिथली माणसं कुठे गेली? रेफ्युजच्या हद्दीतलं एकमेव गाव काक्टोविक, इनुपियात या मूळनिवासी लोकांचं, आणि तिथल्या बऱ्याच जणांना ड्रिलिंग हवंय कारण नॉर्थ स्लोपवरच्या (अलास्काचा उत्तर टोकाचा भाग) शाळा, दवाखाने तेलाच्या टॅक्सवर चालतात. बाहेरच्यांनी येऊन ‘अस्पर्श निसर्ग’ म्हणायचं हे त्यांना झोंबतं, आणि बरोबरच आहे.

रानभूल: मान्य. पण ड्रिलिंगला विरोध करणारे ग्विचिन हे मूळनिवासी लोक पण बाहेरचे नाहीत. ते किनाऱ्यावर राहत नाहीत, पण पॉर्क्युपाइन कळपावर जगतात आणि त्या मैदानाला जीवन सुरू होतं ती पवित्र जागा म्हणतात. टॅक्स काक्टोविकच्या बाजूला आणि धोका यांच्या ताटात, असा हिशोब आहे.

बॅरलमोड: बांधकाम फक्त २,००० एकरांवर करायची अट आहे, १५ लाखांपैकी. धोका धोका म्हणजे किती?

रानभूल: ते २,००० एकर एका तुकड्यात असायला पाहिजेत असं कायद्यात नाहीये. ठिपक्या-ठिपक्यांनी पसरले की मधल्या जागेतून माद्या लांब राहणार, ती जागा मोजणार कोण? १९८४-८५ च्या भूकंपीय सर्व्हेच्या (जमिनीत कंपनं सोडून तेल शोधायच्या) गाड्यांचे चट्टे काही ठिकाणी कित्येक दशकं दिसत राहिले, आणि तेव्हा तर विहीर खणायचीच नव्हती.

हिमवाट: ते चट्टे मला पण खटकतात. तरी काक्टोविकच्या शाळेचे पैसे कुठून येणार, हे अजून कोणी बोललं नाही.