मदत हवी आहे: बुद्धमूर्तीच्या चोरीवर टूडी रहस्यपट, शेवटचा पुरावा काय ठेवू?

पेन्सिलवाला:
सहा मिनिटांचा टूडी ॲनिमेशनपट करतोय. पात्रं काल्पनिक, आधार नालंद्याच्या चोरीचा. १९६१ साली तिथल्या पुरातत्त्व संग्रहालयातून १४ मूर्ती गेल्या. त्यांतली बाराव्या शतकातली एक कांस्य बुद्धमूर्ती मार्च २०१८ मध्ये एका कलाबाजारात ओळखली गेली आणि १५ ऑगस्टला लंडनमध्ये भारताच्या हवाली झाली. माझी गुप्तहेर शेवटी नुसतंच "हीच ती" म्हणते, ते पटत नाही. कार्बन डेटिंग दाखवू का?

मधुच्छिष्ट:
नको. कार्बन डेटिंगला सेंद्रिय पदार्थ लागतो, कांस्याचं वय त्याने निघत नाही. मूर्ती पोकळ असेल आणि आत मातीचा गाभा उरला असेल, तर तो शेवटचा कधी तापला हे थर्मोल्युमिनेसन्सने कळतं. पण तेही वयच. त्याच काळातली दुसरी मूर्तीसुद्धा तेच उत्तर देईल.

पुरावा ओतकामात शोधा. मेणाची मूर्ती घडवायची, वर मातीचे थर द्यायचे, तापवून मेण वाहू द्यायचं, पोकळीत धातूचा रस ओतायचा आणि निवल्यावर साचा फोडायचा. बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथातही हीच कृती आहे. साचा फुटला की त्यातून दुसरी मूर्ती निघत नाही. रस नीट न पोचलेली कड, हवेच्या बुडबुड्याचा खळगा, छिन्नीची खूण हे त्या एकाच मूर्तीचं. चोरीआधीचा फोटो आणि समोरची मूर्ती एकाच कोनातून शेजारी ठेवा, निदान तीन खुणा जुळवा. हिरव्या गंजावर मात्र भिस्त नको, विक्रेता तो घासून काढू शकतो.

दोनावर:
आता चित्रांचं. सहा मिनिटं म्हणजे सेकंदाला २४ च्या वेगाने ८६४० फ्रेम, दोनावर धरलं (एक चित्र दोन फ्रेम) तर ४३२० चित्रं. मूर्ती त्यात पुन्हा पुन्हा काढू नका. रेषा थरथरते आणि खळगा दर चित्रात जागा बदलतो. एकच पक्कं चित्र करून धरून ठेवा. १९२० रुंदीच्या पटात तिप्पट जवळ जायचं असेल तर मूळ चित्र ५७६० पिक्सेल रुंद हवं, नाहीतर ऐन पुराव्याच्या वेळी चित्र फुटतं. खूण पहिल्या मिनिटात ३६ फ्रेम तरी दिसू दे, पण तेव्हा कुणी तिच्याबद्दल बोलू नये.

आणि चित्र आरशासारखं उलटवणारं फ्लिप बटण जपून! भूमिस्पर्श मुद्रेत उजवा हात जमिनीकडे, डावा मांडीवर. टर्नअराउंडची (मूर्ती सगळ्या बाजूंनी दाखवणारी) अर्धी चित्रं काढून उरलेली फ्लिप केली की हात बदलतात, उघडा खांदाही डावीकडे जातो. माणसांच्या चित्रांत हे खपतं, इथे नाही.

पेन्सिलवाला:
मग हीच चूक नकली मूर्ती बनवणाऱ्याची केली तर? उलट्या छापलेल्या फोटोवरून ओतलेली, म्हणून डावा हात जमिनीवर?

मधुच्छिष्ट:
झकास. फक्त त्या फोटोत संग्रहालयाचा क्रमांक किंवा पाटी नको, अक्षरं उलटी दिसली की कारागीर सावध होईल. आणि परंपरेने मूर्ती ओतणारा ही चूक करणार नाही. बागेतले शोभेचे पुतळे ओतणारा दाखवा.

दोनावर:
म्हणजे नकलीचा पुरावा हात, खरीचा पुरावा खळगा. दोन्ही एकाच दृश्यात कोंबू नका, हात आधी सांगून टाका.

पेन्सिलवाला:
विक्रेत्याकडे १९६८ ची पावती आहे. ती कशी मोडू?

मधुच्छिष्ट:
मोडायला नकोच. कलावस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७० चा, आपला पुरावशेष कायदा १९७२ चा, म्हणून त्याआधीच्या तारखेचा कागद गिऱ्हाइकाला भारी वाटतो. पण चोरी १९६१ ची. पावती अस्सल निघाली तरी ती चोरीनंतरचीच. तुमच्या गुप्तहेरने कागदावर शंकाच घेऊ नये, नुसती तारीख मोठ्याने वाचावी.