मदत हवी आहे: पालावरच्या पोरांचे राहिलेले डोस आणि शाळेचा पट (सोलापूर, अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर)

नमस्कार मंडळी, धागा जरा लांबलाय पण पूर्ण वाचा प्लीज, कारण मला पैसे नकोयत, माणसं हवीत.

माझं सोलापुरात एसटी स्टँडजवळ छोटं मेडिकल आहे. जवळच्याच मोकळ्या जागेत सात-आठ कुटुंबं पाल टाकून राहतात, फुगे, कीचेन, लिंबू-मिरची विकतात, काहीजण मागून खातात. पोरं २१. आम्ही चौघं, म्हणजे मी, एक रिटायर्ड सिस्टर आणि इंजिनिअरिंगची दोन मुलं, दीड वर्ष झालं दर रविवारी सकाळी तिथं बसतो. सिस्टर जखमा बघतात, ड्रेसिंग करतात, मुलं पाटीवर अक्षरं आणि पाढे घेतात, काही जास्त असलं तर आम्ही पोराला आईसकट सरकारी दवाखान्यात घेऊन जातो. औषधाचा खर्च आमचा आम्ही भागवतो, त्याची अडचण नाही.

अडचण ही की पहिला डोस मिळतो आणि पुढचा चुकतो. ही माणसं एका जागी नसतात हो. मंगळवारी-शुक्रवारी तुळजापूर, गुरुवारी अक्कलकोट, सोमवारी सिद्धेश्वराला गर्दी म्हणून सोलापूर, एकादशी जवळ आली की पंढरपूर. जानेवारीत गड्डा (सिद्धेश्वराची यात्रा) असतो तेवढे दिवस फक्त हलत नाहीत. साधी खरूज घ्या, क्रीम मानेपासून तळपायापर्यंत लावून रात्रभर ठेवायचं आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावायचं, कपडे-पांघरुणं गरम पाण्यात धुवायची. अर्धं घर तुळजापुरात आणि अर्धं इथं, गरम पाणी चहापुरतं. पंधरा दिवसांत परत तीच पोरं तशीच खाजवत येतात.

जूनमधे एका सहा वर्षांच्या पोराला कुत्रं चावलं, सोमवारी. सिस्टरांनी नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं घड्याळ बघून पाय धुतला, तो रडतोय आणि त्याचा भाऊ शेजारी उभा राहून "काय करलालास बे, गप की" म्हणून त्यालाच रागवतोय. मग दवाखान्यात नेऊन पहिलं इंजेक्शन. पुढची तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. आईला तारखा सांगून उपयोग नाही, तिला वाचता येत नाही, पण वार पक्के माहीत. सिस्टर म्हणाल्या, "बघ, दुसरं गुरुवारी, अक्कलकोटला असशील तेव्हा. तिसरं परत सोमवारी इथं." आणि बाईनं खरंच गुरुवारी अक्कलकोटच्या सरकारी दवाखान्यात कार्ड दाखवून इंजेक्शन घेतलं!! मला इतका आनंद झाला की काय सांगू. पण शेवटचं राहिलं, तोवर सगळे आषाढीला पंढरपुरात. नऊ दिवस उशिरा सापडले, तेव्हा दिलं. कोर्स पहिल्यापासून करावा लागत नाही हे नशीब.

यातूनच सुचलंय, की प्रत्येक देवस्थानच्या गावात आपलं एकेक माणूस असलं तर? डॉक्टरच पाहिजे असं नाही. वारावर देवळाबाहेर जाऊन बघायचं, कोणाचा डोस आहे ते मी आदल्या दिवशी फोनवर सांगेन, दवाखान्यात सोबत जायचं, बस. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर इथले कोणी आहात का?

दुसरा प्रश्न एका मुलीचा, तिला इथं चिमणी म्हणतो, वय अंदाजे आठ. तिचा डावा कान फुटलाय, पू येतो, आधी घरच्यांनी लसणाचं गरम तेल घालून कापूस कोंबून ठेवला होता, वास यायचा. आता कान कोरडा ठेवायला कापसाची वात घालतो, भिजली की बदलायची. तिची आजी देवळाबाहेर वाती विकते, त्यामुळे वात वळायला तिला शिकवावं लागलं नाही, कापूस फक्त आम्ही दिलेला स्वच्छ पाकिटातला. डॉक्टर म्हणाले पडद्याला भोक आहे, आधी ऐकण्याची टेस्ट, मग कदाचित ऑपरेशन. ती मागून हाक मारली तर वळत नाही. सगळे तिला हट्टी समजत होते, मीसुद्धा.

आता गंमत नाही, गुंता बघा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ० ते १८ वयाच्या मुलांची तपासणी आणि पुढचे उपचार मोफत असतात, कानाचं दुखणंही त्यात येतं. पण ती टीम अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत जाते. चिमणी कुठल्याच पटावर नाही. म्हणून शाळेत नाव घालायला गेलो, तर एका शाळेत आधार आणि जन्मदाखला मागितला, नाव लिहीत नाही. मी सांगितलं की २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि कलम ४ प्रमाणे वयानुसार वर्गात घ्यावं लागतं. सर म्हणाले कायदा मान्य आहे, पण ही पोरं महिन्यात गायब होतात, मी हजेरी कशी दाखवू? त्यांचंही अगदीच चूक नाही, पण पोरीनं काय करायचं?

स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असतं, म्हणजे जातील त्या गावच्या शाळेत दाखवून बसता यावं म्हणून, ऊसतोडीच्या पोरांना मिळालेलं मी बघितलंय. देवस्थानं फिरणाऱ्या मुलांसाठी कोणी ते काढून घेतलंय का? कोणाला भेटलात, अर्ज कसा लिहिला? इथं शिक्षक असतील तर कृपया सविस्तर लिहा.

आणि धर्मादाय हॉस्पिटलांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत असतात, पण रेशनकार्ड किंवा उत्पन्नाचा दाखला लागतो. यांच्याकडे दोन्ही नाही. कोणी तहसीलमधून असा दाखला काढून दिलाय का, पत्त्याच्या जागी काय लिहिलंत?

१०९८ ला (मुलांसाठीची हेल्पलाइन) फोन करा असं बरेच सुचवतील म्हणून आधीच सांगतो, स्टेशनवर एकटा सापडलेल्या मुलासाठी मी केलाय आणि पुढेही करेन. पण या पोरांना आया आहेत, रात्री कुशीत घेऊन झोपणाऱ्या. त्यांना आईपासून तोडायचं नाही, हे आमचं पक्कं आहे. बिस्किटं आणि वाढदिवसाचे फोटोही नकोत, राग मानू नका.

अपडेट: चिमणीची ऐकण्याची टेस्ट पुढच्या सोमवारी ठरलीय. आजी आत्ताच सांगून गेली की गुरुवारी अक्कलकोटला चाललेत आणि परत कधी ते माहीत नाही. गुरुवारी तिकडे कोणी असेल तर आजच मेसेज करा, रविवारी संध्याकाळपर्यंत दोघींना एसटीत बसवून द्यायचंय, स्टँडवर मी उभा असेन.