मदत हवी आहे: डोकं वळलं की समोरचं जग, हे मेंदू कसं ओळखतो?

नमस्कार मंडळी,

एका ठिकाणी अडलोय. फोन स्थिर धरून मान ‘नाही नाही’ अशी हलवली तरी त्यावरचा मजकूर वाचता येतो. मान स्थिर ठेवून फोन तितक्याच वेगाने हलवला की अक्षरं पुसट. याचं कारण ठाऊक आहे: अंतर्कर्णातल्या अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याचं वळणं टिपतात आणि साधारण १० मिलिसेकंदांत डोळे उलट फिरतात. नजरेने पाठलाग सुरू व्हायला १०० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात.

घोळ पुढे आहे. ही भरपाई तंतोतंत नसते. शिवाय बाजूला बघायला मान वळवली की डोळेही तिकडेच जातात, म्हणजे दृष्टिपटलावरचं चित्र सरकतंच. मग ते माझ्यामुळे सरकलं, वस्तूंमुळे नाही, हे कळतं चित्रावरून की कानावरून? ‘मेंदू ॲडजस्ट करतो’ हे उत्तर नको, ते वाचून कंटाळलोय.

प्रतिसाद १

दोन्हीवरून. डोकं नुसतं वळलं तर जवळचं-लांबचं सगळं जवळपास एकाच कोनीय वेगाने सरकतं. चालताना जवळचं भरभर, लांबचं सावकाश. वस्तू हलली तर तेवढाच तुकडा सरकतो. असं अख्खं दृश्य सरकण्याला प्रतिसाद देणाऱ्या पेशी माकडांच्या मेंदूत ‘एमएसटी’ नावाच्या, हालचाल टिपणाऱ्या भागात सापडल्यात. त्यातल्या बऱ्याच पेशींपर्यंत कानाचा संदेशही पोचतो.

पण चित्र फसवतं. उभ्या पट्ट्यांच्या फिरत्या पिंपात माणसाला बसवलं की थोड्या वेळाने पट्ट्या थांबल्यात आणि आपणच फिरतोय असं वाटतं. नलिका सांगतात तो वेगातला बदल; एकसारखं फिरत राहिलं तर त्या लवकरच गप्प होतात, मग डोळ्यांना खोटं पाडायला कोणी उरत नाही.

प्रतिसाद २

तिसरा साक्षीदार राहिला: स्नायूंना दिलेल्या हुकमाची प्रत. ती मेंदू स्वतःकडे ठेवतो, म्हणून चित्र किती सरकणार हे त्याला आधीच ठाऊक असतं. फॉन होल्स्ट आणि मिटेलश्टेट या शास्त्रज्ञांनी १९५०मध्ये ही कल्पना मांडली. उघड्याच डोळ्याची बाहेरची कड पापणीवरून अगदी हलकेच दाबा, दुसरा डोळा झाका. समोरचं उडी मारतं, कारण त्या हालचालीचा नेहमीसारखा हुकूम निघालेलाच नसतो.

धागाकर्ता

पिंपाचं पटलं. मग नवीन चष्म्याने सुरुवातीला मान वळवताना सगळं तरंगतं, तेही यातलंच का?

प्रतिसाद १

हो. मायनस काचेतून चित्र लहान दिसतं, म्हणून डोळ्यांनी उलट फिरायचं प्रमाणही कमी लागतं. चित्राच्या घसरणीवरून लहान मेंदू ते प्रमाण हळूहळू बदलतो. चष्मा सारखा काढ-घाल करू नका, सवय व्हायला वेळ लागतो.