कॉन्व्हेंटमध्ये विज्ञान-गणित-तंत्रज्ञान एकत्र शिकवायचं, पण तास कुणाचा कापायचा?

विश्रामबागकर
मुलीच्या कॅथलिक शाळेत, इथे सांगलीतच, पालकसभा झाली. पुढच्या वर्षीपासून सहावी ते आठवीला विज्ञान, गणित, तंत्रज्ञान एकेका प्रश्नाभोवती एकत्र शिकवणार. आठवड्याला दोन तास. एक वाचनाचा कापणार, एक मोरल सायन्सचा, म्हणजे मूल्यशिक्षणाचा. वर रोबोटिक्स किटची वेगळी फी. माझा विरोध आहे. दहावीला विज्ञानाचे भाग १ आणि भाग २ वेगळे, बीजगणित-भूमिती वेगळी. पेपर काही एकत्र येणार नाही.

गावभागातली मास्तरीण
काका, किटला माझाही विरोध. तयार गाडी जोडायची, ती काळ्या पट्टीवरून पळते, का पळते ते पोरांना शेवटपर्यंत कळत नाही. पण म्हणून कल्पनाच मोडीत काढू नका.

पावसाळ्यात आपण सगळे काय बघत असतो? आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी. ४० फूट इशारा, ४५ धोका, २०१९ ला ५७ च्याही वर गेली. कोयना धरणातून इतके क्युसेक सोडले म्हणतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणजे ११,५७४ क्युसेकने चोवीस तास पाणी सोडलं की एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट झालं. सातवीच्या पोराला जमणारं गणित आहे, घालतं कोण? मग विज्ञान: कोयना कऱ्हाडला कृष्णेत मिळते, ते पाणी इथवर यायला वेळ का लागतो? खाली हरिपूरला वारणा फुगलेली असली की आपलं पाणी का उतरत नाही?

तंत्रज्ञान म्हणाल तर पीव्हीसी पाइप, त्यात तरंगता थर्माकोलचा गोळा, दोरा, कप्पी, मोजपट्टी. आमच्या वर्गात गोळा पाइपला आतून चिकटून बसायचा, पातळी उतरली तरी काटा हलेना. पोरांनीच रुंद पाइप मागितला. किटमध्ये हे घडत नाही, तिथे सगळं आधीच बसवलेलं असतं.

कोरेगावचा
१६३३ मध्ये गॅलिलिओवर खटला चालवणाऱ्या चर्चच्या शाळेत विज्ञान! चूक झाली हे म्हणायला पोपना १९९२ उजाडलं. चालू द्या.

मिरजेची आई
दादा, मेंडेलला सोयीस्कर विसरलात. आनुवंशिकतेचे नियम शोधणारा तो मठातलाच. १८५६ पासून मठाच्या बागेत वाटाणे लावले, दाणे मोजले: ५,४७४ गोल, १,८५० सुरकुतलेले. जवळजवळ तीनास एक. वनस्पतिशास्त्रात गुणोत्तर घुसवलं, तेही १८६६ ला छापून. विश्व प्रसरण पावतंय हे १९२७ मध्ये मांडणारा लमेत्र तर चक्क फादर होता.

पण माझी तक्रार वेगळी आहे. आम्ही ख्रिस्ती, म्हणून स्पष्ट विचारते: कापायला मोरल सायन्सचाच तास सापडला? तो गेला तर कॅथलिक शाळेत उरतं काय, गणवेश आणि फी? पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये पर्यावरणावर जे पत्र काढलं, त्यात तंत्रज्ञानामुळे ज्ञानाचे तुकडे होतात आणि समग्र चित्र हरवतं, असाच इशारा आहे. तुकडे जोडायचे म्हणून निघालात आणि पहिलाच तुकडा फेकून दिलात.

गावभागातली मास्तरीण
ताई, हे पटलं. तास कापू नका, मोरल सायन्स शिकवणाऱ्या सिस्टरनाच प्रकल्पात घ्या. पातळीचा आकडा कलेक्टर ऑफिसात कधी पोचतो आणि नदीकाठच्या पत्र्याच्या घरात कधी, कुणाला आधी उठवायचं, म्हाताऱ्यांना कोण उचलणार, हा प्रश्न त्याच मोजपट्टीतून निघतो. तो मोरल सायन्सचा नाही तर कशाचा?

कोरेगावचा
मेंडेल मान्य. फीचं काय?

विश्रामबागकर
मेंडेलला दहावीचं बोर्ड नव्हतं, एवढंच म्हणतो. बाकी ताई, तुमची मोजपट्टी मला आवडली, खोटं कशाला बोलू. पण तुम्ही तुमच्या वर्गात एकट्या करता. इथे विज्ञानाच्या बाई, गणिताचे सर आणि सिस्टर यांना एकत्र बसायला आठवड्यात एकही रिकामा तास नाही. एखादी शिक्षिका रजेवर गेली की बदलीचे तास तेच तिघं घेतात. सभेत मी हेच विचारलं होतं. उत्तर मिळालं, "ट्रेनिंग किटवाले देणार आहेत."