अनुभव धागा: 'म्हणून', 'साठी', 'मुळे' आणि आपलं इंग्रजी

आम्हा इंदूरच्या मराठी माणसांची घरात मराठी, दारात हिंदी. इंग्रजी तिसरी. बाकी सगळं जमतं, पण 'कशासाठी' आणि 'त्यामुळे काय झालं' हे इंग्रजीत सांगताना माझं घोडं अडायचं. तुमचं कुठे अडलं, कसं सुटलं, मोकळेपणानं लिहा.

माझ्यापासून सुरुवात. पहिल्या नोकरीत रजेचा अर्ज लिहिला: 'आय वॉन्ट लीव्ह फॉर ब्रिंगिंग माय मदर फ्रॉम उज्जैन.' आपल्या 'आणण्यासाठी'तला 'साठी' सरळ 'फॉर' होऊन बसला. साहेबांनी पेन्सिलीनं ते दोन शब्द खोडून वर 'टू ब्रिंग' लिहिलं, बोलले काहीच नाहीत. कृतीचा हेतू सांगायचा तर 'टू' आणि क्रियापद. नाम असेल तर 'फॉर': 'फॉर ट्रीटमेंट'. वस्तू कशाच्या उपयोगाची हे सांगताना मात्र 'अ नाइफ फॉर कटिंग ब्रेड' अगदी बरोबर.

रामबागहून
मी शिकवण्या घेते. खरा घोळ 'म्हणून'चा आहे. 'पाऊस आला म्हणून थांबलो' हा परिणाम, 'भिजू नये म्हणून थांबलो' हा हेतू. मुलं दोन्हीकडे नुसतं 'सो' लावतात. मी त्यांना आधी वाक्य हिंदीत म्हणायला लावते. 'इसलिए' आलं तर 'सो', 'ताकि' आलं तर 'सो दॅट'. आपल्या पोरांच्या तोंडी 'ताकि' असतोच, त्यामुळे फळ्यावर दोन वाक्यं लिहिली की काम होतं.

तिलकनगरहून
वरच्या ताईंचं पटलं. फक्त बोलताना इंग्रज लोक 'दॅट' गाळतात, तेव्हा ऐकताना गोंधळू नका.
माझी चूक 'ड्यू टू आय वॉज सिक'. 'मुळे'सारखंच 'ड्यू टू'लाही नाम लागतं: 'ड्यू टू इलनेस'. पूर्ण वाक्य जोडायचं तर 'बिकॉज'.

राजवाड्याजवळून
परदेशात वाढलेला भाचा हिवाळ्यात आला होता. सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, गराडूचा (तळलेल्या कंदाच्या फोडींचा) द्रोण हातात घेतला आणि मी म्हणाले, 'टू हॉट टू होल्ड इट.' तो हळूच म्हणाला, 'मावशी, शेवटचं इट नको.' 'सो हॉट दॅट आय कान्ट होल्ड इट' म्हटलं तर 'इट' हवं, 'टू हॉट टू होल्ड'मध्ये नको. किती प्रेमानं सांगितलं त्यानं! दुसऱ्या दिवशी सकाळी चहा समोर आला. 'टू हॉट टू ड्रिंक,' मी म्हणाले, आणि थांबले. त्यानं मान डोलावली आणि माझा चहा बशीत ओतून दिला.